अक्षरं सुटी मोजू नका

क्यूटीमध्ये (खिडक्या-बटणांचे प्रोग्रॅम लिहायची लायब्ररी) बटणं, लेआउट जमायला लागले की कधी ना कधी पेंटर (क्यूटीचा चित्र काढणारा क्लास) हातात घेऊन मजकूर स्वतः काढायची वेळ येते. तेव्हा त्याची रुंदी आधी मोजावी लागते. पहिल्या नोकरीत माझे दोन आठवडे याच मोजमापात गेले.

प्रमाणपत्रावर नाव मधोमध छापायचं होतं. इंग्रजी नावं नीट बसायची, मराठी नावं डावीकडे सरकायची. जितकी जोडाक्षरं जास्त, तितकी जास्त. मी एकेक कॅरेक्टर मोजून बेरीज करत होते. फसले ती इथेच, म्हणून सविस्तर सांगते. 'विद्यार्थी' शब्द घ्या. डोळ्यांना तीन अक्षरं दिसतात, युनिकोडमध्ये कोड पॉइंट (प्रत्येक चिन्हाचा वेगळा क्रमांक) 10 आहेत: व, ऱ्हस्व वेलांटी, द, हलन्त, य, काना, र, हलन्त, थ, दीर्घ वेलांटी. ते एकत्र आले की हार्फबझ ही अक्षरांना आकार देणारी लायब्ररी त्यांना जुळवते. द-य जोडले जातात, र रफार होऊन डोक्यावर चढतो. सुटे मोजले तर यातलं काहीच घडत नाही. र पूर्ण रुंदीचा धरला जातो. एकट्या वेलांटीसोबत तर ठिपक्यांचं वर्तुळ येतं आणि त्याचीही रुंदी बेरजेत शिरते. बेरीज फुगली की डावीकडे सोडायची जागा कमी निघते आणि नाव सरकतं.

एका सीनियरने सांगितलं, "वीस पिक्सेल वाढवून टाक." वाढवले. एक नाव सुधारलं, पुढचं बिघडलं. असे ठोकळ आकडे कोडमध्ये ठेवू नका, कुणीही सांगितलं तरी! दुसऱ्या एका ताईने उत्तर दिलंच नाही, मोजलेल्या रुंदीचा लाल चौकोन नावाभोवती काढायला लावला. नाव संपून चौकोन पुढे बोटभर रिकामा होता. शिकवणारं माणूस असं मिळालं तर सोडू नका.

तेव्हा अख्खी स्ट्रिंग (सगळा मजकूर) एकदम फॉन्टमेट्रिक्स या मजकूर मोजणाऱ्या क्लासच्या 'हॉरिझाँटलअ‍ॅडव्हान्स'ला द्या. जुन्या कोडमध्ये 'विड्थ' दिसेल, ते क्यूटी 5.11 पासून कालबाह्य आहे, क्यूटी 6 मध्ये तर नाहीच. मात्र हा आकडा पुढचा मजकूर कुठून सुरू होईल ते सांगतो, शाई कुठवर पोचते ते नाही. तिरप्या फॉन्टचं शेवटचं अक्षर कापलं जात असेल तर 'बाउंडिंगरेक्ट' बघा. घाबरण्यासारखं यात काही नाही, एका दुपारी हाताशी येतं.

छापताना फॉन्टमेट्रिक्सला फॉन्टसोबत प्रिंटरही द्या. स्क्रीनच्या 96 डीपीआयवर (इंचामागे ठिपके) मोजून 600 डीपीआयवर छापलंत, तर नाव पानाच्या मध्याजवळ सुरू होऊन उजवीकडे पळतं.