रेडिएटर फॅन: मोटर बदलण्याआधी या चुका टाळा

गाडी तापतेय म्हणून कुणी आलं की माझा पहिला प्रश्न असतो, तापते कुठं? कोल्हापुरात दसरा चौकात सिग्नलला थांबल्यावर किंवा उसाच्या ट्रॉलीमागं रांगताना काटा चढत असेल आणि मोकळ्या रस्त्याला लागल्यावर उतरत असेल, तर फॅनवर संशय घ्या. पुण्याच्या हायवेला 80 च्या वेगात तापत असेल तर फॅनला हात लावू नका. त्या वेगात समोरचा वाराच रेडिएटर गार करतो. तिथं कूलंटची पातळी, थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंटची वाट उघडणारी झडप), चोंदलेला रेडिएटर, वॉटर पंप बघायचा. एवढं न विचारता थेट बंपर उतरवणाऱ्यांचा मला खरंच राग येतो.

दुसरी चूक त्याहून महागात पडते: टेस्ट लॅम्प, म्हणजे वायर तपासायचा छोटा दिवा, पेटला म्हणजे करंट येतोय असं धरून चालणं. चैत्र यात्रेच्या तोंडावर जोतिबाच्या चढाला तापून थांबलेली एक गाडी उद्यमनगरात माझ्याकडं आली. मालकाच्या हातात बिलांची चळत. "मिस्त्री, मोटर नवी, रिले (फॅनचा करंट चालू-बंद करणारा स्विच) नवा, सेन्सर नवा. तरी फॅन नुसता हलतोय." आधीच्या गॅरेजात कनेक्टर काढून लॅम्प लावला होता, तो लख्ख पेटला, म्हणून दोष मोटरवर गेला. अहो, लॅम्पला अर्धा अँपिअरसुद्धा लागत नाही, फॅन 15-20 अँपिअर ओढतो. खराब जोडातून लॅम्प पेटतो, फॅन फिरत नाही.

मी कनेक्टर जोडलेलाच ठेवला, एसी लावून फॅनला सप्लाय दिला आणि मागच्या बाजूनं मीटरच्या पिना घातल्या. जेमतेम 8 व्होल्ट. मग एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी फॅनच्या अर्थ वायरीला, म्हणजे करंट बॉडीतून बॅटरीकडं परत नेणाऱ्या वायरीला. तिथं अर्ध्या व्होल्टच्या आत असायला हवं, मीटर 4 च्या पुढं दाखवत होता. वायरीमागं गेलो तर अर्थचा बोल्ट हेडलाइटच्या मागं निघाला. गाडीचं पुढून डेंटिंग-पेंटिंग झालेलं, आणि रंगाच्या थरावरच लग (वायरीच्या टोकाची कडी) आवळलेला. पत्रा घासून चकचकीत केला, बोल्ट आवळला, वर व्हॅसलिनचा हात मारला. फॅन असा घोंगावला की मालक दोन पावलं मागं सरकले. नव्या पार्टांचे पैसे मात्र गेले ते गेलेच.

म्हणून माझी सवय सांगतो. आधी फ्यूज, मग एसी लावून फॅन सुरू होतो का ते, मग टेंपरेचर सेन्सरचा कनेक्टर काढून बघणं. बऱ्याच गाड्यांत कनेक्टर काढला की ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) सावधगिरी म्हणून फॅन चालू करतो. झाला, तर मोटर, रिले, वायरिंग ठीक आहे, सेन्सरकडं बघा. पार्ट त्यानंतर.

फॅन डायरेक्ट करून डॅशबोर्डखाली स्विच बसवणं हा आपल्याकडचा लाडका शॉर्टकट. रिले नाही, फ्यूज नाही, बारीक वायर आणि घरातला स्विच. वितळलेले असे स्विच मी काढलेत. एखाद्या दिवशी चालवणारा बदलतो, स्विच लावायचं राहतं आणि इंजिन तापून हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं पॅकिंग) जातं. घाईत असलेल्या पोरांना हे दहा मिनिटांचं काम वाटतं, पण ज्याच्या गाडीत घरची माणसं बसतात त्यानं हे करून घेऊ नये.

थर्मोस्टॅट काढून टाकणं हा उपाय नाही. इंजिन गार राहतं, डिझेल जास्त खातं.

रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतू नका. क्षार साचतात.

तापलेलं झाकण उघडू नका. आत दाबाखाली उकळतं कूलंट असतं.

इंजिन बंद असलं तरी काही गाड्यांत फॅन आपोआप सुरू होतो. बोटं आणि गळ्यातला पंचा लांब ठेवा, हात घालण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढा.

फॅन फक्त फुल स्पीडला चालतो, हळू चालतच नाही, तर बऱ्याचदा फॅनचा वेग कमी करणारा रेझिस्टर जळलेला असतो. तेवढाच बदला.

जुन्या जीप-पिकअपमध्ये फॅन बेल्टवर, व्हिस्कस क्लचचा (आतल्या घट्ट तेलानं फॅन ओढणारा) असेल तर वायरिंग शोधत बसू नका. तापलेलं इंजिन बंद करून फॅन हातानं फिरवा. जड फिरला पाहिजे. गरगर मोकळा फिरत असेल आणि क्लचभोवती तेलाचे डाग असतील, तर क्लच गेलाय.