निसर्गाची गाणी करताय? या चुका टाळा

मला सगळ्यात जास्त खटकणारी चूक म्हणजे पाखरांचे आवाज इंटरनेटवरून उचलून गाण्यात टाकणं. गोंदियाकडच्या एका पोरानं मामा तलावावर, म्हणजे मालगुजारांच्या काळातल्या जुन्या गावतलावावर, गाणं केलं. शब्द त्याचे, चाल त्याची, गिटारही त्यानंच वाजवलेली. फक्त सुरुवातीला 'जंगल' नावाच्या तयार साउंड पॅकमधली एक लांब, रडवेली हाक लावली. गावात ऐकवलं, तर तलावात मासे धरणारे एक ढिवर काका म्हणाले, "हे कोणतं पाखरू होय जी? आपल्या तलावावर त नाई." ते होतं लून, उत्तरेकडच्या थंड देशांतल्या तळ्यांवरचं. मग कडवी कोण ऐकतो! लोक त्या पाखराचंच बोलत बसले. इतकं चांगलं गाणं असं वाया गेलं, याचं मला अजून वाईट वाटतं. चार दिवस पहाटे तलावाच्या पाळीवर, बांधावर जाऊन बसला असता, तर टिटवी नक्की मिळाली असती.

ऋतूही तपासा. पळस फुलतो फाल्गुनात, श्रावणात नाही. मोहफूल पहाटे गळतं, भर दुपारी 'टपटप' लिहू नका. पावशा मिरगाच्या आधी ओरडायला लागतो, दिवाळीच्या गाण्यात त्याचं काय काम?

दुसरी चूक, शेतात मोटर सुरू असताना रेकॉर्डिंग. 'नंतर सॉफ्टवेअरनं काढू' म्हणणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, निघत नाही. विजेची घरघर 50 हर्ट्झ आणि तिच्या पटीत, 100, 150 अशी बसते, म्हणजे गिटारच्या जाड तारांच्या अगदी शेजारी. ती कापली की गिटार पोकळ वाजते. वर रातकिड्यांचा सलग सूर सॉफ्टवेअरला गोंगाटच वाटतो, तोही पुसला जातो. मी गावात थ्री-फेज, म्हणजे मोटरी चालवणारी वीज, कधी येते ते विचारतो आणि लाइट नसेल तेव्हाच माइक लावतो. वाऱ्यासाठी माइकवर लांब केसांचं कव्हर, मोबाइल असेल तर ऑटो गेन (आवाज आपोआप कमी-जास्त करणारी सोय) बंद.

मे महिन्यात गिटार बंद गाडीत ठेवू नका, ब्रिजचा, म्हणजे तारा अडकवायच्या पट्टीचा, गोंद सुटतो.

आणि दंडारीचा, म्हणजे झाडीपट्टीतल्या लोकनाट्याचा, ठेका तयार लूपमधून घेऊ नका. दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावजत्रांच्या दिवसांत पूर्व विदर्भातल्या या झाडीपट्टीत जा, रात्रभर बसून ऐका. वाजवणाऱ्याला विचारून रेकॉर्ड करा, त्याला मानधन द्या आणि गाण्याखाली त्याचं नाव लिहा.