परकी वनस्पती नव्या भूमीत खरोखर बदलली आहे का, हे कसे तपासावे

एखादी परकी वनस्पती मूळ प्रदेशापेक्षा नव्या ठिकाणी उंच, दाट आणि जोमदार वाढलेली दिसली की ती तेथे ‘उत्क्रांत झाली’ असे सहज म्हटले जाते; परंतु केवळ निरीक्षणावरून तसे म्हणता येत नाही. तीच वनस्पती अधिक पाणी, मोकळी जागा आणि सुपीक माती मिळाल्यामुळे जनुकांत काहीही बदल न होता मोठी होऊ शकते. ज्या थोड्या बिया प्रथम येऊन पोहोचल्या, त्या योगायोगाने जोमदार वाणाच्याच असणेही शक्य आहे. नैसर्गिक निवडीने पिढ्यान्‌पिढ्या घडलेला बदल ही तिसरी शक्यता आहे, आणि पहिल्या दोन शक्यता बाजूला सारल्याशिवाय ती सिद्ध होत नाही.

म्हणून आधी वनस्पतीचा आगमनाचा इतिहास शोधावा. ब्रिटनमध्ये पसरलेली जपानी नॉटवीड ही तणवनस्पती जवळजवळ सर्वत्र एकाच मादी रोपाची शाखीय संतती आहे, म्हणजे बियांशिवाय, खोडाच्या तुकड्यांतून वाढलेली आहे; तिच्या दोन ठिकाणच्या रोपांत फरक दिसला, तरी त्याचे कारण जनुकांतील भेदांत सापडण्याची शक्यता कमीच. याउलट उत्तर अमेरिकेतील रीड कॅनरी गवत युरोपाच्या वेगवेगळ्या भागांतून अनेकदा आणले गेले, त्या वाणांचा संकर झाला आणि निवडीला भरपूर कच्चा माल मिळाला. गुणसूत्रांची संख्याही तपासून घ्यावी. इंग्लंडच्या साउदॅम्प्टन परिसरातील खाऱ्या दलदलीत अमेरिकी आणि युरोपीय स्पार्टिना गवतांचा वांझ संकर झाला आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याची गुणसूत्रे दुप्पट होऊन स्पार्टिना अँग्लिका ही प्रजननक्षम, अत्यंत आक्रमक जाती जन्माला आली. गुणसूत्रसंच वेगळे असलेल्या रोपांची तुलना नकळत झाली, तर पुढची सारी मोजमापे दिशाभूल करतात.

त्यानंतर बिया गोळा कराव्यात. एकाच ठिकाणच्या पुष्कळ बियांपेक्षा अनेक ठिकाणच्या थोड्या थोड्या बिया अधिक उपयोगी पडतात. प्रत्येक ठिकाणी एकमेकांपासून दूर उभी असलेली अनेक मातृरोपे निवडावीत आणि प्रत्येकाच्या बिया स्वतंत्र पाकिटात, स्थळ, अक्षांश, उंची व दिनांक लिहून ठेवाव्यात. मूळ प्रदेशातील बियाही हव्यात, कारण त्यांच्याशिवाय ‘बदल’ कशापासून झाला हेच ठरत नाही. मात्र अशा बिया सीमेपलीकडून स्वतः आणू नयेत. वनस्पती संगरोध (परक्या रोपांवर व बियांवर नियंत्रण ठेवणाऱ्या) विभागाची परवानगी असलेल्या संशोधनसंस्थेमार्फतच हे काम करावे.

पुढची पायरी अनेकदा गाळली जाते, आणि माझ्या मते साऱ्या प्रयोगाची विश्वासार्हता तिच्यावरच अवलंबून आहे. सकस मातीत वाढलेल्या मातृरोपाच्या बिया वजनदार असतात, त्यांची रोपे सुरुवातीला भराभर वाढतात आणि हा फरक आनुवंशिक असल्याचा भास होतो. म्हणून गोळा केलेल्या सर्व बियांपासून आधी एक पिढी सारख्याच परिस्थितीत वाढवावी, ठरावीक रोपांतच परागीभवन घडवून आणावे आणि त्या पिढीच्या बिया मुख्य प्रयोगासाठी वापराव्यात. यात एखादा हंगाम जास्त जातो, तरी तो वाचवू नये.

मुख्य प्रयोगात सर्व ठिकाणची रोपे एकाच बागेत, एकाच मातीत, चिठ्ठ्या टाकून ठरवलेल्या क्रमाने लावावीत. उगवण, पहिले फूल उमलण्याचा दिवस, उंची, सुकवलेल्या रोपाचे वजन आणि बियांची संख्या नोंदवावी. येथे फरक टिकला तर तो आनुवंशिक आहे, एवढेच कळते. तो उपयोगाचा आहे की नाही, हे कळण्यासाठी अदलाबदलीची लागवड करावी लागते, म्हणजे उत्तरेकडची रोपे दक्षिणेत आणि दक्षिणेकडची उत्तरेत वाढवून कोण कोठे अधिक बिया देते हे पाहावे लागते. लूजस्ट्राइफ या जांभळ्या फुलांच्या दलदली वनस्पतीवर रॉबर्ट कोलॉटी आणि स्पेन्सर बॅरेट यांनी केलेले, 2013 मध्ये प्रसिद्ध झालेले काम या पद्धतीचा उत्तम नमुना आहे. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात पसरताना तिच्या उत्तरेकडील समूहांत लहान असतानाच लवकर फुलण्याचा गुण रुजला, कारण तेथे हंगाम आखूड असतो; दक्षिणेकडील रोपे उशिरा फुलतात, पण मोठी होतात. आपापल्या प्रदेशात त्या त्या समूहालाच फायदा मिळाला, आणि तो फायदा शत्रू-कीटकांपासून सुटका झाल्याने होणाऱ्या लाभाच्या तोडीचा ठरला.

कीटकांचा प्रश्न स्वतंत्रपणे तपासावा. शत्रू मागे राहिल्यावर संरक्षणावरचा खर्च वाचून तो वाढीकडे वळतो, ही कल्पना ब्लॉसी आणि नॉट्झोल्ड या संशोधकांनी 1995 मध्ये मांडली, परंतु तिला मिळालेला पुरावा संमिश्र आहे. म्हणून निम्मी रोपे जाळीखाली आणि निम्मी उघडी ठेवावीत, आणि वाढीबरोबर पानांतील संरक्षक रसायनेही मोजावीत. शक्य असेल तेथे वनस्पतिसंग्रहालयांतील जुने वाळवलेले नमुनेही अभ्यासावेत. उत्तर अमेरिकेत गेलेल्या रानटी पार्सनिप या गाजरकुळातील वनस्पतीच्या अशा नमुन्यांतून, तिच्यावर जगणारी अळी तेथे पोहोचल्यानंतर वनस्पतीतील विषारी रसायने वाढल्याचे दिसून आले. संग्राहक मात्र बहुधा रस्त्याकडेची, फुललेली आणि देखणी रोपेच घेतात; ही एकांगी निवड निष्कर्ष काढताना विचारात घ्यावी.

बागेत फरक नाहीसा झाला तरी तपास थांबवू नये. परिस्थितीनुसार रूप बदलण्याची क्षमता स्वतःच वाढलेली असू शकते. त्यासाठी प्रत्येक समूहाची रोपे कमी आणि भरपूर अशा दोन्ही प्रमाणांत पाणी देऊन वाढवावीत आणि कोणता समूह अधिक बदलतो ते पाहावे.

हे सर्व प्रयोग ती वनस्पती जेथे आधीच पसरलेली आहे, तेथेच आणि कुंपणाच्या आत करावेत. लूजस्ट्राइफसारखे एक मोठे रोप लाखो बिया देते, म्हणून बियांचे मोजमाप करायचे असेल तर फळे फुटण्यापूर्वीच पिशव्यांनी बांधावीत. नॉटवीडसारख्या वनस्पतीच्या भूमिगत खोडाचा नखाएवढा तुकडाही पुन्हा फुटू शकतो. त्यामुळे कुंड्यांतील माती बाहेर टाकू नये, ती वाफेने निर्जंतुक करावी, आणि प्रयोगाची जागा पुढील काही हंगाम तपासत राहून उगवलेले प्रत्येक रोप मुळासकट काढावे.