झडत्या-ओव्या टिपायच्या तर आधी कोठ्यात (गोठ्यात) जा

पोळ्याच्या झडत्या (तोरणाखाली बैलजोड्या उभ्या करून म्हणायच्या ओळी) नि जात्यावरच्या ओव्या टीव्ही-मोबाइलनं बुडवल्या, असं सरसकट म्हणतात. ते अर्धंच खरं. २००२ मध्ये बीटी (जनुक बदललेल्या) सरकीला परवानगी मिळाली. महागाचं बियाणं तिफनीनं, म्हणजे बैलांच्या पेरणीच्या औतानं, कोण पेरणार? ते हातानं एकेक दाणा टोबतात. त्यातच सोयाबीननं ज्वारीचं रान घेतलं, कडबा आटला, बैल परवडेनासे झाले. तोरणाखाली जोडीच नाही, तर झडती कोणासाठी म्हणायची? म्हणून नुसतं गाणं टिपून भागत नाही, त्यातली वस्तूही टिपावी लागते.

कोठ्यात पडलेली तिफन, सरता, डवरा, वखर या अवजारांचे फोटो घ्या. चाडं (बी सोडायची वाटी), नळे, फण (दाते) असे तिफनीचे भाग जवळून. नावं पुस्तकातून नको, म्हाताऱ्या कास्तकाराच्या तोंडून घ्या.

"आजी, एक ओवी म्हणा ना" म्हटलं की आजीला हमखास काही आठवत नाही. जातं मांडा, ओंजळभर ज्वारी ठेवा, समोर तिच्या वयाची दुसरी बाई बसवा. खुंट्याला हात लागून चार फेरे झाले की ओवी आपसूक येते. मोबाइल भुईवर ठेवला तर घरघरच भरते; घडीच्या वाकळीवर, तोंडापासून हातभर अंतरावर ठेवा. फ्लाइट मोड चालू, पंखा बंद. सुरुवातीलाच नाव, तारीख आणि माहेरचं गाव बोलून घ्या. माहेर विसरू नका, बऱ्याच ओव्या तिकडूनच आलेल्या असतात.

झडत्या पोळ्याच्या आधी चार दिवस घरी घ्या. पोळ्याच्या दिवशी डफडी आणि डीजेत शब्द लागत नाहीत. तेव्हा फक्त "हर बोला हर हर महादेव"चा गजर टिपा. भुलाबाईची (मुलींच्या सणाची) गाणी तिघी-चौघींकडून एकत्र घ्या, एकीला विसरलेलं कडवं दुसरी उचलते.

लिहिताना भाषा 'शुद्ध' करण्याची खोड इथं सगळ्यात जास्त नासाडी करते. वऱ्हाडी 'पोया'चं 'पोळा' केलं की 'माया'शी जुळलेलं यमक गेलंच. ऐकलं तसं लिहा, अर्थ समासात.

मोनो वेव (WAV, न दाबलेल्या आवाजाची) फाइल मिनिटाला साधारण ५ एमबी घेते. व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा आणि एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवा. ओवीत सासू-नणंदेवरचं बरंच काही निघतं. गटात टाकण्याआधी आजीला ऐकवून विचारा. ती नको म्हणाली, तर फाइल घरातच ठेवा.