समारंभापूर्वी लसीबद्दल कसे विचारावे आणि कसे सांगावे

घरगुती समारंभासाठी लसीकरणाची अट ठेवायची असेल, तर ती निमंत्रणासोबतच कळवावी. दाराशी येऊन उभ्या राहिलेल्या पाहुण्याला चारचौघांत विचारले, तर संकोचापोटी खोटे बोलण्यावाचून त्याला दुसरा मार्ग उरत नाही. फ्लूची किंवा डांग्या खोकल्याची लस घेतल्यानंतर संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, त्यामुळे निरोप महिनाभर आधी गेलेला बरा.

अट नेमकी कोणासाठी आहे, हे यजमानाने आधी स्वतःशी ठरवावे. घरात तान्हे मूल असेल, तर डांग्या खोकल्याची चिंता मोठी असते, कारण पहिले काही आठवडे बाळाला ही लस देताच येत नाही; केमोथेरपी चालू असलेल्या व्यक्तीला गोवराची लस सहसा देत नाहीत, कारण तिच्यात दुर्बल केलेला पण जिवंत विषाणू असतो. त्यामुळे ‘सगळ्या लसी झाल्या आहेत ना?’ असे मोघम विचारू नये. ‘घरात महिन्याचे बाळ आहे, म्हणून विचारतो, डांग्या खोकल्याचा बूस्टर डोस गेल्या दहा वर्षांत घेतला आहे का? नसेल किंवा सांगायचे नसेल, तर आपण बाळ थोडे मोठे झाल्यावर भेटू,’ असे लिहावे. यातले शेवटचे वाक्य वगळू नये, कारण खरे उत्तर देण्याची सोय त्यातच आहे. लस का घेतली नाही, हे मात्र विचारू नये. ती ज्याची त्याची खाजगी बाब आहे. प्रमाणपत्र मागणेही घरगुती कार्यक्रमात मला अप्रशस्त वाटते.

पाहुण्याने कारण सांगितले नाही तरी चालेल, पण ‘हो’ म्हणायचे ते खरे असावे. आठवत नसेल तर तसे सांगावे, एकच डोस झाला असेल तर एकच म्हणावे. गोवराच्या एका डोसाने सुमारे 93 टक्के आणि दोन डोसांनी सुमारे 97 टक्के संरक्षण मिळते, म्हणजे हा तपशील यजमानाच्या निर्णयाला उपयोगी पडतो. ‘मी लांब बसेन’ हा तोडगा गोवराला लागू पडत नाही. रुग्ण निघून गेल्यावरही विषाणू खोलीतल्या हवेत दोन तासांपर्यंत टिकतो आणि पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून संसर्ग होऊ शकतो. लस घेतलेली असली तरी त्या दिवशी ताप किंवा खोकला असेल, तर फोन करून जाणे रद्द करावे.

समारंभानंतर कोणी आजारी पडले, तर यजमानाला त्याच दिवशी कळवावे आणि आधी दिलेले उत्तर चुकीचे असेल, तर तेही तेव्हाच सांगावे. गोवराच्या रुग्णाशी संपर्क आल्यापासून 72 तासांच्या आत लस किंवा सहा दिवसांच्या आत इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) दिल्यास आजार टळू शकतो वा सौम्य होऊ शकतो. कोणाला काय द्यायचे ते डॉक्टर ठरवतील, पण त्यासाठी ही माहिती त्यांच्यापर्यंत वेळेत पोहोचायला हवी.