एमजीबीचं इग्निशन टायमिंग घरी लावताना

काकांची 1964 ची एमजीबी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, माझ्याकडं आली तेव्हा कात्रजच्या जुन्या घाटात तिसऱ्या गिअरला जरा जोर दिला की डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज यायचा. एका गॅरेजवाल्यानं कानानं टायमिंग (प्लगची ठिणगी नेमकी कधी पडते ते) लावून दिलं होतं, उभी असताना गाडी मस्त वाजायची आणि चढाला रडायची, कारण टायमिंग भलतंच अ‍ॅडव्हान्स होतं. म्हणजे ठिणगी फार लवकर पडायची. असं चालवत राहिलात तर पिस्टन जातो, म्हणून एक रविवार काढा आणि नीट लावा.

सगळ्यात आधी पॉइंट, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधला (प्लगना ठिणगी वाटणारा डबा) छोटा स्विच, तो उघडला की ठिणगी पडते. टायमिंगला हात लावायच्या आधी गॅप लावायचाच, कारण गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग आपोआप पुढं जातं, कमी झाला की मागं, म्हणजे नंतर गॅप बदललात तर सगळी मेहनत पाण्यात. डिस्ट्रिब्युटरची कॅप काढा, पॉइंटची तोंडं बघा. माझ्या एका तोंडावर मोहरीएवढा उंचवटा आणि समोरच्यात तेवढाच खड्डा होता, अशावेळी फिलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) उंचवट्यावर टेकतं आणि गॅप खोटा दाखवतं. घासत बसू नका, नवीन सेट टाका, नाना पेठेत विचारून बघा. कॅमच्या टोकावर पॉइंट पूर्ण उघडे असताना 15 थाऊ (इंचाचे हजारावे भाग) ठेवायचा.

आता एक नंबरचा सिलेंडर, म्हणजे रेडिएटरकडचा. चारही प्लग काढा, टॉप गिअर टाकून गाडी हळूच पुढं ढकला. जुन्या गाड्यांना टायमिंग कव्हरवरचे पॉइंटर खाली असतात, टॉर्च घेऊन आडवं व्हावंच लागतं, पुलीची खाच आधीच पुसून व्हाइटनर लावून ठेवा. तीन पॉइंटर आहेत, टीडीसी (पिस्टन अगदी वर), आणि त्याच्या आधीचे 5 आणि 10 अंश. खाच 10 वर आणि रोटरचं (कॅपखालचा फिरता तुकडा) तोंड एक नंबरच्या वायरकडं पाहिजे, चार नंबरकडं असेल तर इंजिन अजून एक पूर्ण फेरा फिरवा. खाच पुढं निघून गेली तर नुसतं थोडं मागं आणून थांबू नका, बरंच मागं घ्या आणि परत पुढं येत 10 वर थांबा, नाहीतर टायमिंग चेनचा ढिलेपणा मोजमापात घुसतो.

पार्किंग लाइटचा 12 व्होल्टचा बल्ब घ्या, एक वायर डिस्ट्रिब्युटरच्या बारीक वायरच्या टर्मिनलला, दुसरी बॉडीला. चावी ऑन करा. क्लॅम्पचा बोल्ट डिस्ट्रिब्युटर हातानं फिरेल इतपतच ढिला करा. रोटर वरून बघितलं तर घड्याळाच्या उलटा फिरतो, म्हणून डिस्ट्रिब्युटर घड्याळाच्या दिशेनं फिरवला की अ‍ॅडव्हान्स. आधी घड्याळाच्या उलट नेऊन बल्ब विझवा, मग अगदी हळू परत आणा, बल्ब ज्या क्षणी पेटतो तिथं पॉइंट उघडतायत, तिथंच थांबा आणि बोल्ट आवळा. आवळताना तो सरकतो, म्हणून परत तपासा. चावी उगाच ऑन ठेवू नका, पॉइंट बंद असले की कॉइल तापते.

टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर चमकणारा दिवा) असेल तर अजून चांगलं. डिस्ट्रिब्युटरची व्हॅक्यूमची नळी काढून तोंड बंद करा आणि चालू इंजिनवर 600 आरपीएमला 14 अंश बघा. 14 चा पॉइंटरच नाही, मग कागदाच्या पट्टीनं पुलीचा घेर मोजा, समजा 400 मिमी आला तर 14 अंश म्हणजे साडेपंधरा मिमी, तेवढं खाचेपासून फिरण्याच्या दिशेनं पुढं मोजून दुसरी खूण करा आणि ती टीडीसीच्या पॉइंटरशी जुळवा. आणि हे फार महत्त्वाचं, 1967 पर्यंतच्या गाड्यांना पॉझिटिव्ह अर्थ असते, म्हणजे बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला, टायमिंग लाइटची लाल क्लिप सवयीनं कॉइलकडं लावू नका, बॅटरीच्या प्लसलाच लावा.

पुस्तकातले आकडे त्या काळच्या जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी आहेत, म्हणून खरी परीक्षा चढावर. इंजिन गरम करून घाटात तिसऱ्या गिअरला कमी वेगावरून जोर द्या, खिळे वाजले की डिस्ट्रिब्युटरच्या बाजूचं छोटं गोल नट आर (रिटार्ड, म्हणजे ठिणगी उशिरा) कडं थोडं फिरवा आणि परत चढा. माझी गाडी साधारण 2 अंश मागं घेतल्यावर शांत झाली, परवा बोगद्यापर्यंत तिसऱ्यातच गेली.