नाशिकमध्ये बालसंरक्षणाच्या कामात यायचं असेल तर

समाजकार्याचा कोर्स संपत आला की मुलंमुली मला फोन करतात. प्रश्न ठरलेला: "ताई, रस्त्यावरच्या मुलांसाठी काम करायचंय, सुरुवात कुठून करू?" मी आधी नाशिकरोड स्टेशन आणि सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती बस स्थानकावर, हे काम केलं. आता मूल घरी किंवा संस्थेत गेल्यानंतरचा पाठपुरावा बघते. मूल फलाटावरून सुरक्षित जागी नेणं हा या कामाचा सगळ्यात छोटा तुकडा आहे. त्यानंतर वर्ष-दीड वर्ष त्याच्यामागे राहायची तयारी असेल, तर जरूर या. माणसं कमी पडतात.

शिक्षणाचं थोडक्यात सांगते. बीएसडब्ल्यू किंवा एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी, असली तर चांगलं. नाशिकमध्ये मविप्रचं (मराठा विद्या प्रसारक समाजाचं) समाजकार्य महाविद्यालय आहे. बाहेर जायचं असेल तर पुण्याची कर्वे समाज सेवा संस्था, मुंबईत निर्मला निकेतन आणि १९३६ पासून चालू असलेली टाटा सामाजिक विज्ञान संस्था. कॉलेज कुठलंही घ्या, क्षेत्रकार्याचे (फील्डवर्कचे) दिवस मात्र सह्या गोळा करण्यात घालवू नका. हे काम हाताला तिथेच लागतं.

पैशाचं आधीच बोललेलं बरं. जिल्ह्यातलं बालसंरक्षणाचं काम बघणाऱ्या सरकारी जिल्हा बाल संरक्षण कक्षातली पदं बहुतेक करारावरची असतात. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत क्षेत्रीय कार्यकर्त्याला महिना १०,५९२ रुपये, सामाजिक कार्यकर्ता आणि समुपदेशकाला १८,५३६, संरक्षण अधिकाऱ्याला २७,८०४ असं मानधन आहे. घरच्यांशी याबद्दल मोकळेपणाने बोलून घ्या. कायम नोकरी हवी असेल तर महिला व बालविकास विभागाच्या स्पर्धा परीक्षांची तयारी पहिल्या वर्षापासून सोबत चालू ठेवा. त्यात कमीपणा काही नाही. चांगली माणसं खात्यात गेली तर मुलांचंच भलं होतं.

आता प्रत्यक्ष काम. पहिले काही आठवडे फक्त फिरा. उत्तरेकडून येणाऱ्या गाड्या भुसावळ, मनमाड, नाशिकरोड करत मुंबईकडे जातात. घरून निघालेलं पोर याच रुळांवर असतं आणि मनमाडला किंवा नाशिकरोडला उतरतं. शहरात रामकुंड आणि गोदाघाट, सीबीएस, द्वारका चौकातल्या पुलाखालची जागा, पहाटे आणि रात्री उशिरा बघा. चहावाले, हमाल, सफाई कामगार, लोहमार्ग पोलीस यांच्याशी ओळख करा. नवं मूल आलं की सगळ्यात आधी त्यांनाच दिसतं. जिल्ह्याची दुसरी बाजूही समजून घ्या. सुरगाणा-पेठची कुटुंबं द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी-निफाडला कामाला उतरतात, तेव्हा मुलांची शाळा सुटते. २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातल्या कातकरी कुटुंबांतली मुलं मेंढपाळांकडे वेठबिगारीला दिल्याचं उघडकीस आलं. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ चा आहे. बेघर मूल म्हणजे फुटपाथवर झोपणारंच असं धरून चाललात, तर अशी मुलं तुम्हाला कधी दिसणारच नाहीत.

मुलाशी बोलायचं कसं, हे कुठल्याही पुस्तकापेक्षा सरावाने येतं. "घरून का पळालास?" हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारूच नका. त्यात आरोप आहे, आणि मूल तो बरोबर ओळखतं. "जेवलास का?" इथून सुरू करा. त्याच्याएवढ्या उंचीवर बसा. हातात नशेसाठी हुंगायचा सोल्युशनचा बोळा असेल तर तो हिसकावू नका, नशा उतरेपर्यंत थांबा. एक मुलगा मला दर वेळी वेगळं नाव सांगायचा, गाव तर सांगायचाच नाही. मी नाव सोडलं आणि जत्रांबद्दल विचारलं. तो म्हणाला, चैत्रात गडावर चालत जाणारी माणसं आमच्या घरासमोरून जातात, मनी माय त्यांना पाणी देते. 'मनी माय' (माझी आई) म्हणजे अहिराणी, आणि खानदेशातून सप्तशृंगीला जाणाऱ्या पदयात्रेचा रस्ता. शोध मालेगाव-देवळ्याच्या पट्ट्यावर आला आणि घर सापडलं. लहान मुलांना तालुका, जिल्हा सांगता येत नाही. देऊळ, नदी, बाजाराचा वार, एसटीचा शेवटचा थांबा हे मात्र सांगता येतं. या खुणा वाचायला शिका.

"मी कोणाला सांगणार नाही" असं वचन कधीही देऊ नका. लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठीच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ते कळवणं बंधनकारक आहे. त्यापेक्षा म्हणा, "हे मला काही लोकांना सांगावं लागेल, पण कोणाला आणि कधी, ते आधी तुला सांगेन." हे मुलांना पटतं. खोटं वचन मोडलं की ते मूल पुढच्या दहा मोठ्या माणसांवर विश्वास ठेवत नाही.

२०१५ चा बाल न्याय कायदा मराठीतून घेऊन शांतपणे वाचा. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल मिळालं की प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे, म्हणजे अशा मुलांबद्दल निर्णय घेणाऱ्या कायदेशीर समितीपुढे, हजर करायचं. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. मुलाला कुठे ठेवायचं हे समिती ठरवते, तुम्ही नाही. ओळखीच्या आश्रमात परस्पर नेऊन सोडणं बेकायदेशीर आहे, हेतू कितीही चांगला असो. कलम ७४ प्रमाणे मुलाची ओळख उघड करता येत नाही. म्हणून फोटो नाही, स्टेटस नाही, चेहरा झाकूनही नाही. या बाबतीत मी कडक आहे. एकटं मूल दिसलं तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन कोणीही फिरवू शकतं, हे तुमच्या गल्लीत सगळ्यांना सांगून ठेवा.

मग येतो सामाजिक तपासणी अहवाल. आम्ही त्याला एसआयआर म्हणतो. मूल घरी जाईल की नाही, हे बऱ्याच अंशी या कागदावर ठरतं. "आर्थिक परिस्थिती हलाखीची, वडील व्यसनी" एवढ्या दोन ओळींवर अहवाल संपवणारे मी पाहिले आहेत, आणि मला त्याचा राग येतो. गृहभेटीला जा. मूल झोपायचं कुठे, रात्री घरात कोण असतं, शाळेच्या पटावर नाव आहे का, मुलीचं लग्न ठरवलंय का, शेजारीण काय सांगते, हे लिहा. ऐकलेलं आणि स्वतः पाहिलेलं वेगळं लिहा. मुलाचं स्वतःचं म्हणणं त्याच्याच शब्दांत घाला. मार बसतो म्हणून निघालेल्या मुलाला आई रडली म्हणून लगेच परत धाडू नका. उलट केवळ गरिबीमुळे मूल संस्थेत ठेवायची वेळ आली असेल, तर बालसंगोपन योजनेचा अर्ज भरा. पात्र मुलाला महिना २,२५० रुपये मिळतात आणि ते आपल्या माणसांत राहतं. हा अर्ज, त्याची कागदपत्रं, तलाठ्यापासून बँकेपर्यंतचे हेलपाटे यात तुमचे कित्येक दिवस जातील. ते सत्कारणी लागलेले दिवस असतात.

सगळ्यात दुर्लक्षित टप्पा अठराव्या वर्षाचा. बालगृहातलं मूल अठरा पूर्ण झाल्यावर बाहेर पडतं, तेव्हा त्याच्याकडे पत्ता नसतो. कायद्यात पुढेही, साधारण एकविसाव्या वर्षापर्यंत, आधाराची सोय आहे, अनुरक्षणगृहं (अठरानंतर राहायची वसतिगृहं) त्यासाठीच आहेत. पण मागितल्याशिवाय ती मिळेलच असं नाही. मूल सोळाचं झालं की कामाला लागा: आधार, बँक खातं, जन्माचा दाखला, अनाथ असेल तर अनाथ प्रमाणपत्र. राज्यात अनाथांना शिक्षणात आणि सरकारी नोकरीत १ टक्का आरक्षण २०१८ पासून आहे, आणि त्याचा दरवाजा त्या एका प्रमाणपत्रानेच उघडतो. सातपूर-अंबडच्या कंपनीत काम लागलं तरी भाड्याची खोली द्यायला घरमालक तयार नसतो. तिथे तुम्ही सोबत जाऊन बोलायचं असतं.

२०२७ च्या सिंहस्थात गोदाघाटावर हरवलेल्या मुलांसाठी बरेच हात लागतील. आतापासून जिल्हा बाल संरक्षण कक्षात जाऊन स्वयंसेवक म्हणून नाव देण्याबद्दल विचारा. आणि क्षेत्रकार्यासाठी संस्था निवडताना तिथल्या लोकांना एक प्रश्न जरूर विचारा: तुमच्याकडून अठरा पूर्ण करून गेलेल्या मुलांकडे आज कोण बघतं? उत्तरात एखाद्या माणसाचं नाव आलं, तर तिथे शिकायला जा.